चार वर्तुळांतला अण्णा

साल दोन हजार पंचवीस. मला अठ्ठ्याहत्तर पुरी झालेली, तुम्हाला पन्नासावं नुकतं लागलेलं. हे उलटं झालं, माधवराव. एवढंच लिहितो. बाकी जन्मगाव, शिक्षण, कुठं कुठं मान मिळाला, ते सगळं मंडळाच्या लोकांनी तुमच्या फोटोखाली छापलंय.

मी तिसरी शिकलेला माणूस. पोस्टकार्डापलीकडं जन्मात काही लिहिलं नाही. पण इथल्या चंदीगडच्या मराठी मंडळाचे लोक घरी आले आणि म्हणाले, श्रद्धांजलीच्या अंकात घरच्या कुणीतरी लिहावं. नंदा म्हणाली, माझ्यानं होणार नाही. तनूला मराठी ऐकून कळतं, पण लिहायचं म्हटलं की तुमची लेक हिंदीत पळते. माझा पुतण्या पोपट गावाहून आलाय, तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगा, मी उतरवून घेतो." म्हटलं, माझा हात मोडलाय का? म्हणून हे वाकडंतिकडं मीच लिहितोय, आणि तुम्हालाच लिहितोय. मंडळानं वाचायचं तर वाचावं.

तुम्ही नेहमी म्हणायचात, अण्णा, मला अरेतुरे करा, बरं वाटेल. आमच्यात जावयाला अरेतुरे करत नाहीत. तेव्हा केलं नाही, आताही करणार नाही.

तर सांगायचं हे, की तुम्ही गेलात आणि माझं इथलं राहणंच अधांतरी झालं. तुमच्यामागं लेकीच्या घरी मी कोण म्हणून राहायचं? आमच्या वडलांनी तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं. पोपट म्हणतो, चला आता कायमचे विट्याला, आपलं घर आहे, माणसं आहेत. नंदा काहीच म्हणत नाही. ती माझीच मुलगी, मनातलं बोलेल तर शपथ. आणि तुमचं-माझं इतकी वर्षं चाललेलं एक भांडण ह्याच गोष्टीवर होतं. ते तुम्ही अर्धं टाकून गेलात.

दुपारी गच्चीवर ऊन येतं तिथं मी बसतो. इथलं कार्तिकातलं ऊन सायीसारखं असतं, अंगावर धरतं. पाऊस होऊन गेल्यावर दिसतात तसे डोंगर सध्या स्वच्छ दिसत नाहीत, धुरकट असतात, आहेत का नाहीत असे. त्यांच्याकडं बघता बघता डोळा लागतो आणि मला चौक दिसायला लागतात. ह्या गावातले गोल चौक, एकासारखा दुसरा. मधे हिरवळ, चारी बाजूंना सरळ रस्ते. तुम्ही चालताय. घाई नाही. चौकात पोचलात की थांबता, वर झाडाकडं बघता, आणि कुठल्यातरी रस्त्याला वळता. पुन्हा चौक. पुन्हा वळता. मी गच्चीवरून बघतोय, पण हाक मारत नाही.

हाक का मारत नाही, ते तुम्हाला आठवत असेल. आपण दोघं भाजी आणायला निघालो होतो आणि तुम्ही चौकाच्या मधोमध थांबलात.

"अण्णा, समजा एक माणूस घरातून निघाला. प्रत्येक चौकात चिठ्ठी काढतो, आणि निघेल त्या रस्त्यानं जातो. परत घरी येईल का?"

"प्यालाय का?"

"प्यालाय असं समजा."

"मग पोलीस आणून सोडतील."

तुम्ही असे हसलात की मागून येणारा सरदारजी स्कूटर थांबवून ओरडला, "ओ प्रोफेसर साब, साइड ते हो जाओ जी! घरे जा के हस्सो!"

बाजूला झाल्यावर तुम्ही म्हणालात, "येतो, अण्णा. रस्ते असे आडवे-उभे असले आणि त्यानं चालणं सोडलं नाही, तर तो कधी ना कधी घरी येतोच. गाव कितीही मोठं धरा. हे सिद्ध झालेलं आहे."

"कधी येतो?"

"ते विचारायचं नाही. येतो, एवढं पक्कं."

म्हणून मी हाक मारत नाही. चालणाऱ्याचा हिशेब कशाला मोडायचा.

तुमचं काम काय, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. गावात कुणी विचारलं की मी सांगायचो, जावई कॉम्प्युटरमधे आहेत. म्हणजे काय करतात? म्हटलं, ते त्यांना विचारा. मग माझी बायको गेली, तुम्ही मला न्यायला आलात, आणि त्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला शेंगा सोलता सोलता समजावून सांगितलंत. एखादं यंत्र असतं. दवाखान्यातला सलाईनचा पंप म्हणा, कारण नंदा दवाखान्यात नर्स आहे आणि मी तो पाहिलेला होता. तो पंप कायकाय अवस्थेत असू शकतो, त्या सगळ्या आधी मांडायच्या. चालू आहे, बंद आहे, नळीत हवा शिरली आहे, घंटा वाजते आहे, घंटा वाजायला हवी पण वाजत नाही. प्रत्येक अवस्थेचं एक वर्तुळ. मग एकातून दुसरीत जायचे बाण, आणि प्रत्येक बाणावर लिहायचं की असं होण्याची शक्यता किती. एवढं झालं की तुमच्या सॉफ्टवेअरला विचारायचं: बाबा रे, हवा शिरली आणि घंटाही वाजली नाही, अशा ठिकाणी हा पंप जाऊन पोचण्याची शक्यता किती? ते पंप चालवून बघत नाही. सगळ्या वाटा मनातल्या मनात फिरून येतं आणि आकडा सांगतं.

त्याचं खरं नाव इंग्रजी आहे, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. मी त्याला तपासनीस म्हणायला लागलो. घरात मग सगळेच म्हणायला लागले. "माधव, तपासनीसाला झोपव आणि जेवायला ये," असं नंदा म्हणायची. नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणून मला पहिल्यांदा खटकायचं. नंतर सवय झाली.

पहिलं भांडण झालं ते तपासनीस जगाला वाटून टाकण्यावरून. मी विचारलं, ह्याचं दुकान कुठं आहे? तुम्ही म्हणालात, दुकान नाही, ज्याला हवं त्यानं न्यावं. बरं, नेऊ दे. पण आतलं सगळं उघडं! कसं बनवलं, कुठं काय जोडलं, सगळ्यांनी बघावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, आणि ती तुम्ही तपासून आत घ्यावी. मला हे पटेना. मी गलाईवाला माणूस. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सगळ्या हिंदुस्थानात सोनं-चांदी गाळायला गेली, तसा मी अंबाल्याच्या सराफ बाजारात उभं आयुष्य भट्टीपुढं काढलं. आमच्या धंद्यात तेजाब, म्हणजे ॲसिड, किती आणि कधी घालायचं हे माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही. माझ्या शेजारचा भट्टीवाला तर काम चालू असताना पडदा लावायचा.

"मग तो मेल्यावर काय झालं?" तुम्ही विचारलंत.

"काय होणार? भट्टी बंद."

तुम्ही शेंगदाणा तोंडात टाकलात आणि काही बोलला नाहीत. तुमची ही एक खोड होती. जिंकलं की गप्प बसायचात. मला वाटतं भांडणात एवढा अपमान दुसरा नसेल.

पण खरं भांडण आठवणीवरचं. ते कुठून सुरू झालं? हां, बाणांवरून. मी विचारलं, हा पंप ह्या वर्तुळात आला, पण तो आधी कुठून आला हे तपासनीस बघतं का? एक पंप नवाकोरा येतो, एक पंप दहादा बिघडून येतो, दोघे सारखे कसे? तुम्ही म्हणालात, "नाही बघत. तपासनीसाला आठवण नसते, अण्णा. आत्ता कुठं आहे एवढंच. कसा आला, ते पुसलं."

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "माणूस म्हणजे तो कसा आला तेच."

"तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत? दागिना मुशीत टाकला आणि वितळला, की तो कुणाचा होता हे सोन्याला आठवतं का?"

डोळ्यापुढं मूस आली. सोनं पातळ झालं की त्याच्यावर एक हिरवट उजेड नाचतो, तो बघणाऱ्यालाच माहीत. त्यात कुणाची बांगडी, कुणाचं डोरलं, कुणा म्हातारीची नथ, सगळं एक होऊन डोलत असतं. ओतलं की लगड. लगडीला नाव नाही, गाव नाही. तुम्ही म्हणालात ते खरं होतं.

मग मी म्हटलं, "सोन्याला नसेल. पण भट्टीवाल्याला आठवतं. डोरलं टाकताना ती बाई कशी उभी होती, ते मला आजही दिसतं."

तुम्ही चटईवर बोटानं एक वर्तुळ काढलंत. मग म्हणालात, आठवण घालता येते. येत नाही असं नाही. पण ती वर्तुळातच घालावी लागते. पंप चालू आहे आणि पूर्वी कधी बिघडला नव्हता, हे एक वर्तुळ. पंप चालू आहे आणि एकदा बिघडला होता, हे दुसरं. दोनदा बिघडला होता, तिसरं. जेवढी आठवण घालाल तेवढी वर्तुळं वाढत जातात, वाढत जातात, आणि मग केवढंही मोठं मशिन आणा, ते खाली बसतं.

"बसू दे," मी म्हटलं.

"बसलं तर उत्तर कसं मिळणार?"

"उत्तर कुणाला पाहिजे?"

हे भांडण इथंच थांबलेलं आहे. दर उन्हाळ्यात आपण ते काढायचो, गच्चीवर, चटईवर, आणि नंदा खालून ओरडायची की तुमची वर्तुळं झाली असतील तर आमरस गरम होतोय. आता मी एकटाच ते चालवतोय. माझ्याकडं तर नुसती वर्तुळंच वर्तुळं झालीत. तुम्ही आणि पाऊस, तुम्ही आणि शेंगा, तुम्ही आणि तनूचा ताप. मशिन बसायला आलंय, पण मी काही पुसणार नाही.

आता त्या उदाहरणाबद्दल.

नवीन माणूस तपासनीस वापरायला शिकतो तेव्हा त्याला आधी एक सोपं उदाहरण लागतं. लोक नाण्याचं देतात, फाशाचं देतात. तुम्ही माझं दिलंत! मला तनूनं दाखवलं तेव्हा कळलं. "नानू, यू आर फेमस यार! पूरी दुनिया आपको रन करती है!" पडद्यावर चार वर्तुळं आणि वर इंग्रजीत 'अण्णा'. एक वर्तुळ गाव. एक आगगाडी. एक चंदीगड, उन्हाळ्यापुरतं. आणि एक चंदीगड, कायमचं. गावातून आगगाडीकडं एक जाड बाण. आगगाडीतून चंदीगडकडं. उन्हाळ्यापुरत्या चंदीगडातून परत गावाकडं मोठा बाण, कारण थंडी पडायच्या आत मी पळतो हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि कायमच्या चंदीगडकडं एक बारीकसा बाण. खाली प्रश्न लिहिलेला: अण्णा कधी ना कधी इथं राहतील का? आणि तपासनीसाचं उत्तर: एक. एक म्हणजे नक्की. बाण बारीक असला तरी फेऱ्या थांबत नाहीत, मग कधीतरी त्या बारीक वाटेनं जाणारच, असं तुमचं म्हणणं.

माझा संताप झाला. मी जेवलो नाही त्या दुपारी.

"माझ्या मर्जीचं गणित मांडता? आणि तेही चारचौघांत?"

"अण्णा, उदाहरण आहे ते."

"आणि हे काय? कायमच्या चंदीगडला हा बाण वाकून परत तिथंच आलाय तो?"

"तिथून पुढं वाट नाही ना. वाट नसली की तपासनीस अडतं. म्हणून तिथून निघून तिथंच येणारा एक बाण काढायचा. म्हणजे तो तिथंच राहतो."

"म्हणजे मी इथं गोलगोल फिरत बसायचं."

"गच्चीवर ऊन चांगलं येतं," तुम्ही म्हणालात.

मग मी एक विचारलं, ते मुद्दाम दुखवायला. म्हटलं, "आणि मी गावाकडंच मेलो तर? त्याचं वर्तुळ कुठंय?"

तुमचं तोंड उतरलं. म्हणालात, "ते मी घालत नाही. उदाहरण सोपं ठेवायचं असतं."

मी म्हटलं, काढून टाका मग सगळंच. तुम्ही म्हणालात, काढतो. पुढच्या उन्हाळ्यात तनूनं दाखवलं तर अण्णा होता तिथंच. दरवर्षी मी काढा म्हणायचो, दरवर्षी तुम्ही काढतो म्हणायचात. आणि दरवर्षी थंडीच्या तोंडाशी मी हट्टानं गावी जायचो, तुमचं उत्तर खोटं पाडायला. आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा दारात उभे. "चला अण्णा, गाडी आहे."

ह्या वर्षी मी जायच्या आधी तुम्हीच निघालात.

तेराव्यानंतर तपासनीसवाल्यांनी तुमच्यासाठी एक बैठक ठेवली, कॉम्प्युटरवर. नंदानं मला टोपी घालायला लावली. टेबलावर लॅपटॉप, समोर नंदा, तनू, मी, आणि मागं पोपट कडेला उभा. पडद्यावर खिडक्याच खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक माणूस, प्रत्येकाच्या मागं वेगळा उजेड. कुणाकडं सकाळ होती, कुणाकडं दिवे लागले होते, एकीच्या मागं बर्फ पडत होतं. मला क्षणभर वाटलं मी परत डुलकीत गेलोय. एक जण म्हणाला, मी तुमच्या सॉफ्टवेअरनं इंजेक्शनचा पंप तपासला. एक म्हणाला, मी आकाशात फिरणारा उपग्रह. एका पोरसवदा बाईनं लिफ्ट तपासली होती. ह्यातल्या एकानंही तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, आणि सगळ्यांचे डोळे ओले. तुमच्या हातचं इतक्या ठिकाणी पोचलंय, आणि मी दुकान कुठं म्हणून विचारत होतो.

मग तनू म्हणाली, "दिस इज नानू. दॅट अण्णा." सगळ्या खिडक्यांत एकदम हालचाल झाली. एक दाढीवाला हात जोडून "अण्णा! नमस्ते!" म्हणाला. मी टोपी नीट केली. दुसरं काय करणार.

बर्फवाली बाई, हाना तिचं नाव, ती तुमच्यानंतर तपासनीस सांभाळणार आहे. ती सावकाश बोलत होती आणि तनू मला हिंदीत सांगत होती. "नानू, वो कह रही हैं, मैंने माधव को बहुत करेक्शन भेजे. वो हर एक का जवाब लिखते थे. ये क्यों लिया, ये क्यों नहीं लिया. लंबा-लंबा. सिर्फ एक बार उन्होंने वजह नहीं बताई."

"कुठल्या वेळी?"

"आपके वाले एक्झाम्पल में. इन्होंने एक पाँचवा सर्कल डाला था. कि अण्णा... मतलब..." तनू थांबली.

"मेला," मी म्हटलं. "बोल."

"हाँ. हर सर्कल से वहाँ एक छोटा-सा ॲरो. पापा ने सिर्फ 'नो' लिखा और बंद कर दिया. बस, नो."

मी म्हटलं, "तिला विचार, तिची दुरुस्ती बरोबर होती का चूक?"

हाना हसली, आणि मग तिनं चष्मा काढला. तनू म्हणाली, "कह रही हैं, सही थी. उसके बिना जवाब एक आता है, जो गलत है. और पापा को ये उनसे ज़्यादा पता था."

मग हानानं विचारलं, आता ते उदाहरण तिच्या हातात आहे. घरच्यांची इच्छा असेल तर ती काढून टाकेल, नाहीतर राहील. तनूनं ते चित्र पडद्यावर आणलं. माझी चार वर्तुळं.

आणि मी त्या जाड बाणाकडं बघत राहिलो. गावातून आगगाडीकडं जाणारा. त्याच्यावर 'एक' लिहिलेलं होतं. नक्की. गाडी सुटली की पोचते, कायमचं राहिलं की राहिलं, तिथला 'एक' मला समजतो. पण गावातून निघणं माझ्या मर्जीचं, आणि त्याच्यावरही खात्री. ही खात्री कशाची होती, माधवराव? रेल्वेची? माझी तर नव्हतीच. दर उन्हाळ्यात तुम्ही दारात येऊन उभे राहणार, ही ती खात्री. त्या बाणात तुम्ही होतात आणि चित्रात कुठंच नव्हतात. जगातली सगळी यंत्रं तपासली, सगळ्या वाटा मांडल्या, आणि मांडणारा माणूस बाहेरच राहिला. माझ्या मरणाचं वर्तुळ घालायला जीव झाला नाही, आणि तुमचं घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

हे मी त्या लोकांना सांगितलं नाही. घरातलं बोलणं आहे. मी एवढंच म्हटलं, "आहे तसं ठेवा. पाचवं वर्तुळ नको."

तनूनं इंग्रजीत सांगितलं. हानानं मान हलवली. दाढीवाल्यानं परत हात जोडले. मग खिडक्या एकेक करून विझल्या.

पोपट मागून म्हणाला, "बरं अण्णा, मग परवाच्या गाडीचं बघतो. गावाकडं कळवायला पाहिजे."

नंदा उठून स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायला म्हणून मागं गेलो. ती कणीक मळत होती, पाठमोरी, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तशा सपाट आवाजात म्हणाली, "अण्णा, माधव तुम्हाला न्यायला यायचा. पण पाठवत कोण होतं त्याला?"

मी ग्लास धरून उभा.

"दर वर्षी मी म्हणायचे, जा, अण्णांना घेऊन ये. तो म्हणायचा, तू फोन कर की. मी म्हणायचे, मी बोलावून यायचे नाहीत ते, जावयानं बोलवावं लागतं." मग ती वळली. हात कणकेनं भरलेले, ते तसेच वर धरून. "मी बोलावलं तर चालत नाही का, अण्णा?"

माधवराव, अशा प्रश्नाला तुमच्याकडं काय उत्तर होतं? तुम्ही असतात तर शेंगदाणा तोंडात टाकला असतात. मी पाणी प्यालो. चांगलं दोन ग्लास प्यालो, लेकीच्या घरचं, तिच्यासमोर, आणि गच्चीवर गेलो. ऊन उतरलं होतं. डोंगर दिसत नव्हते. तुम्ही चौकात चालताना दिसलात, लांब, शेजारच्या पंचकुल्याच्या बाजूला कुठंतरी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की तुम्हाला माझी वाट बघायची नाहीये, मला तुमची बघायची आहे. वाट बघायची तर एका जागी थांबायला लागतं. एवढंच मला कळलं. बाकी आठवणीचं भांडण अजून माझ्या बाजूनं आहे, आणि तुमचं उत्तर बरोबर निघालं असंही मी कुठं म्हणालेलो नाही. माझं थांबणं बाणानं झालं नाही. बोलावणं आलं म्हणून झालं.

मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. जावयाचे आभार मानायची आमच्यात रीत नाही, आणि मला येतही नाही. एक सांगतो. अंबाल्यात भट्टीपुढं बसलेलो असताना मी एकटा असायचो, आणि मला वाटायचं, मूस बघणारा असा एकटाच असतो. म्हातारपणी मला तुम्ही भेटलात, तुमच्या मशिनीपुढं बसलेले, तोंडावर तोच उजेड. दोन माणसं शेजारी बसून दोन वेगळ्या आगी बघत होती. असं सगळ्यांना मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी टोपी घातली आणि पोपट उठायच्या आत बाहेर पडलो. खालच्या सेक्टरच्या बाजारात कापूस पिंजणाऱ्याचं दुकान आहे, ते नुकतं उघडत होतं. म्हटलं, रजाई बनवायची आहे. त्यानं विचारलं, "हल्की या भारी, ताऊजी?" म्हटलं, भारी. इथल्या पौषाची. "पहुँचानी कहाँ है? किसके घर?" मी म्हटलं, "नंदा के घर. मेरी बेटी है. मैं वहीं रहता हूँ." त्यानं नाव लिहून घेतलं. मी त्याच्या गाठोड्यातला कापूस हातानं चाचपून बघितला, एक परत केला, दुसरा घेतला, आणि पिंजून होईपर्यंत तिथंच स्टुलावर बसून राहिलो.